सहा जोड्यांची झाकणं

प्रिय धाकटे,

आईने तुझा पेपरातला फोटो फ्रिजवर लावलाय. त्याच जागी माझ्या नोकरीला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचा फोटो होता. आता त्याचा एक कोपरा दिसतो, त्यात माझा कान आहे. शेजारीण आली की आई तिला पाणी द्यायच्या आधी तुझा फोटो दाखवते. मी नाक मुरडते आणि मग मीच तो सरळ करते, कारण वाकडं लावलेलं मला बघवत नाही.

लपवून काय करायचं, मी जळते तुझ्यावर. सूक्ष्मदर्शकात कसं बघायचं हे तुला मी शिकवलं. तू दोन्ही डोळे मिटून ‘दिसलं, दिसलं’ म्हणायचीस. आज तू संशोधक आणि मी त्याच रुग्णालयात, दोन मजले खाली, तुकडे कापणारी तंत्रज्ञ. कॅन्सरच्या गाठीचा एक तुकडा आणि शेजारच्या निरोगी भागाचा एक, अशी जोडी मी गोठवून वर पाठवते. शरीरातलं विष निकामी करणारं एन्झाइम ज्या जनुकामुळे तयार होतं, ते दोन्हीकडे किती जोरात काम करतंय हे तू मोजतेस. गाठीत ते जास्त जोरात चालतं, म्हणून गाठ आपण दिलेल्या औषधालाच विष समजून निकामी करते, असं तुझं म्हणणं. म्हणणं चांगलं आहे. हे लिहिताना दात-ओठ खाल्ले, पण चांगलं आहे. तुझ्या शोधनिबंधावर सात जणांची नावं आहेत आणि शेवटी आभार, ‘इतर कर्मचाऱ्यांचे’. त्या इतरांत मी.

चाळीस जोड्या तुझ्या बाजूने बोलल्या, सहा अगदी उलट. तुझे सर म्हणाले, त्या सहा वगळ. तू ऐकलं नाहीस. रविवारी जेवताना म्हणालीस की आठ दिवसांनी, सोमवारी निबंधच मागे घेते, आणि ताटात नुसतं बोट फिरवत बसलीस. आई तुझ्या पाठीवरून हात फिरवत होती. खरं सांगू? मला बरं वाटलं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग तू ते सहा नंबर सांगितलेस आणि मी हातातला घास ताटात ठेवला.

सहाही एकाच दिवसाचे, माझ्या हातचे. त्या दिवशी बारा नळ्या दोन ओळींत भरल्या होत्या. रुग्णाचे नंबर नळ्यांवर होते, पण गाठ की निरोगी हे झाकणांवर लिहायचं राहिलं होतं. तेवढ्यात आईचा फोन आला. तुला संशोधनाची प्रमुख केलं हे सांगताना ती रडत होती. मी तोंडदेखलं ‘छान झालं’ म्हटलं, तणतणत परत आले आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले. माझी सवय तुला ठाऊक आहे, जवळची ओळ गाठीची. तशीच लिहीत गेले. बाजू बदलली आहे हे डोक्यातच आलं नाही.

बुधवारी त्या बारा नळ्यांत उरलेल्या तुकड्यांचे पातळ काप काढून पाहिले. सगळी झाकणं उलटी आहेत. आज शनिवार. तीन दिवस मी गप्प बसले. आमचे साहेब बोलतील ही भीती होतीच, पण खरं कारण ते नव्हे. ही झाकणं सुलटी झाली की सेहेचाळीसच्या सेहेचाळीस जोड्या तुझ्या बाजूने बोलतील, आणि ते मला सोसवत नव्हतं.

निबंध मागे घेऊ नकोस. त्या कापांच्या काचपट्ट्या माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहेत. माझ्या शब्दावर जाऊ नकोस, नंबर झाकून आमच्या विभागातल्या मोठ्या डॉक्टरांना दाखव. आणि चूक कुणाची हे निबंधात लिहावं लागेल, तेव्हा माझं पूर्ण नाव लिही. तिथे तरी ‘इतर कर्मचारी’ नको.

तुझीच,
जळकुकडी ताई