दारातली काट्याची फांदी

१३ मे
जानेवारीतली ती सकाळ डोक्यातून जात नाही. नळपाणी योजनेसाठी घरं मोजायला नदीकाठच्या वाडीवर गेलो होतो. स. साडेआठ, थंडी. माणूस एक नाही. तेवीस झोपड्या आणि प्रत्येक दारात करवंदीची फांदी आडवी. फॉर्मवर बंद घरासाठी दोनच रकाने, 'कुलूप' आणि 'पडीक'. कुलूप एकाही दाराला नव्हतं. तेवीस वेळा पडीक लिहिलं आणि पेण स्टँडवर येऊन चहा प्यायलो.
मी ह्याच मुलखातला. वाडीतली माणसं वीटभट्टीवर जाताना दारात फांदी लावतात. म्हणजे परत येणार. शाळेत माझ्या बाजूला बसणारा मंग्या दर साली असाच जायचा, पावसाच्या तोंडावर, आगोटीला, परत यायचा. ठाऊक होतं. तरी लिहिलं.

१४ मे
आराखडा टेबलावर आला. तीस वर्षांनंतरची माणसं धरून केलाय. रोह्याकडच्या कंपन्यांना वेगळी लाइन. रामवाडीच्या पुढे ज्या इमारतींचा पाया खणलेला नाही, त्यांच्यातल्या माणसांनाही पाणी आहे. बिल्डरचा कागद आहे ना. आपल्या वाडीच्या बाजूला पाइप पुलाशी संपतो. पुढे नकाशा कोरा. जे अजून आलेच नाहीत त्यांना नळ, आणि जे चार महिने पोटामागे गेले ते...
पुरे.

१६ मे
हाफ डे टाकून वाडीवर गेलो. ऑफिसात बोललो नाही. भट्ट्या थांबल्यात, माणसं परतलीत. बायका कोरड्या नदीत डवरा खणून बसलेल्या. खड्ड्यात झिरपेल तसं वाटीवाटीनं हंड्यात भरायचं. एक हंडा भरेपर्यंत उभा होतो. पाय दुखले.
जनीबाई सगळ्यांत म्हातारी. काखेतलं रजिस्टर बघून मला मास्तर म्हणायला लागली. जे केलं ते सगळं तिला सांगितलं. ती हसली.
"म्हंजे मास्तर, आमाला गैरहजर लावलंत."
बाकीच्याही हसल्या. एक म्हणाली, आता छड्या पण मारा. मग जनीबाई हसायची थांबली.
"फांदी नाय बघितलीत?"
"बघितली."
"मग?"
तिनं वाटी पुढं केली. पाणी गढूळ. प्यायलो. ती वाटी हंड्यात जायची होती हे नंतर लक्षात आलं.

१७ मे
साहेबांना सांगितलं. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, माणूस वाईट नाही. म्हणाले, मोजणी चुकल्याचं लेखी आलं की अख्खा आराखडा परत. फेरमोजणी, नव्या सह्या, म्हणजे अजून एक उन्हाळा तरी गेला. खाडीकाठची खारपट्टीची गावं त्याच आराखड्यात आहेत. "तेवीस झोपड्यांसाठी सगळ्यांना कोरडं ठेवायचं का, काका? वाडी पुढच्या टप्प्यात घेऊ." तुमची सासरवाडी पण आहे यादीत, हे हसून.
चूक म्हणावं असं काही बोलले नाहीत. पण पुढचा टप्पा सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिलेला नाही.

१९ मे. एकादशी
रोज तांब्याभर पाण्यानं देवांना स्नान. आज तांब्या उचलवेना. पळीभर पाण्यावर भागवलं. मागायला बसलो तर काय मागू तेच कळेना. वाडीसाठी मागितलं तर खारपट्टीचं जातं.
सौ.ला सगळं सांगितलं. तिचं माहेर वडखळच्या पलीकडे, मिठागराशेजारी. सासूबाई पंचाहत्तरीच्या, अजून टँकरला कळशी लावतात. सौ. तांदूळ निवडत होती. खडा बाजूला टाकून म्हणाली, "आईला अजून एक उन्हाळा?"
भांडली असती तर बरं झालं असतं.

२१ मे
अर्ज लिहिला. फाडला. परत लिहिला. 'अनवधानाने' असा शब्द आपोआप पडला होता, तो खोडला. अनवधान नव्हतं.
रात्रंदिवस हिशेब करून दोन्हीकडे तहानच उरते. बरोबर काय, मला कळत नाही. देव सांगत नाही, त्याचा दोष नाही. एवढंच कळतं की 'पडीक' खोटं आहे आणि अक्षर माझं आहे.

२२ मे
सौ.नं डबा दिला. दारात म्हणाली, "आईला तुम्हीच सांगायचं. मी नाही सांगणार." बरं म्हणालो.
दु. बारा वाजता अर्ज आवकला दिला. तेवीस घरं राहती आहेत, मी जाणून चुकीचं लिहिलं. खाली सही, पूर्ण नाव. आवकवाल्यानं वाचून वर बघितलं. "काका, नक्की ना? शिक्का मारला की परत देता येणार नाय."
"मार."
साहेब केबिनच्या काचेतून बघत होते. बाहेर आले नाहीत.
पोच रजिस्टरात ठेवली, जानेवारीच्या त्या पानावर. संध्याकाळी वडखळची एस.टी. धरली. आता सासूबाईंच्या ओटीवर बसून लिहितोय. त्या टँकरला गेल्यात. अजून आल्या नाहीत.