खाली न पडणारे डोळे

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून नोकरी. शाळेत भूमिती आणि चित्रकला शिकवून निवृत्त झाले, लेकीकडे या नव्या गावात राहायला आले आणि आठवडाभरात तिच्या स्वयंपाकघरातल्या बरण्या तीनदा लावून झाल्या. आता पुन्हा हात लावलास तर बघ आई, असं ती म्हणाली, म्हणून बाहेर काम शोधलं. मिळालंही मजेचं. हलत्या डोळ्यांची खेळणी आणि पुस्तकं करणारा कारखाना आहे, पुस्तकं मी आखायची. मागच्या पुठ्ठ्यावर दोन डोळे, आणि पुढच्या प्रत्येक पानाला त्याच जागी दोन भोकं. पान उलटलं की तेच डोळे आधी घुबडाचे, मग मांजराचे, मग रागावलेल्या आजीचे. आजीचं पान ही माझी भर. नात म्हणाली, चित्रासाठी आरसा पुरला असेल. सात वर्षांची आहे. घरात तिला चिमटा म्हणतात, उगाच नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

डोळा म्हणजे काय, तर एक पांढरी वाटी, तीत सुटी काळी चकती, वर पारदर्शक झाकण. पुस्तक हलवलं की चकती घरंगळते, थांबवलं की खाली जाऊन बसते. एवढ्यावर पोरं खिदळतात.

मालक गप्पिष्ट गृहस्थ. त्यांचा एक नियम आहे: झाकण बसेपर्यंत डोळ्यांत कुणी बघायचं नाही. सगळेजण पुठ्ठ्यावर फडकं टाकतात, खालून हात घालून चाचपत चकत्या ठेवतात आणि झाकण दाबतात. निम्मी झाकणं तिरकी बसतात. कारण विचारलं तर म्हणाले, वडील असंच करायचे. मी म्हटलं, माझे वडील तपकीर ओढायचे, मी ओढत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

नमुना घरी आणला. जेवणाच्या टेबलावर, भर दुपारी, फडकं न टाकता, नीट बघत चकत्या ठेवल्या. चिमटा समोरून वाकून उघड्या वाट्यांत बघत होती, नाक टेकायचं तेवढं बाकी. म्हणाली, आजी, हे माझ्याकडेच बघतंय. मी म्हटलं, तू बाजूला झालीस तर दुसरीकडे बघेल. मग झाकणं दाबली. इतकी सरळ झाकणं त्या कारखान्यात कुणी बसवली नसतील.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नमुन्यात दोष आहे. पुस्तक उभं धरलं तरी चकत्या खाली पडत नाहीत, मधोमध राहतात. गोंद आत गेला असावा. हलवलं, आपटलं, उलटं धरलं. पुस्तक टेबलावर ठेवून दार उघडायला गेले. वळून पाहिलं तर दोन्ही चकत्या दाराकडे.

गोंद असा चालत नाही. उद्या बघते त्याच्याकडे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

चिमटा शाळेतून भिंत धरत आली. फळा दिसत नाही, सारखे पायच दिसतात, असं म्हणाली. नाटकं नकोत, म्हटलं मी. मग खुर्चीत बसवलं, हनुवटी धरली आणि तिचं डोकं हळूच डावीकडे कलतं केलं. बुबुळं डावीकडे घरंगळली. उजवीकडे कलतं केलं, उजवीकडे गेली. सोडलं तर खाली जाऊन बसली.

मी उठून हात धुतले. का, ते माहीत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, स्नायू अशक्त झालेत, तपासण्या करू. बोलताना ते आमच्याकडे बघत नव्हते. बाहेर आल्यावर लेकीनं विचारलं, आई, तू घरात काय आणलंयस. सगळं सांगितलं, फडक्यासकट. ती पोरीला उचलून मला मागे टाकून चालत सुटली. बरोबर केलं.

मालकांना गाठलं. पुस्तक हातातही न घेता म्हणाले, जाळून टाका बाई, वडिलांनी तेच केलं होतं. म्हणजे हे आधी घडलंय. तेव्हा ज्याची नजर गेली, त्याला पुढे दिसायला लागलं का, असं विचारलं. ते फडक्याची घडी घालत बसले.

जाळणार नाही. माझ्या नातीची नजर आहे त्यात.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पाठीवर निजवलं तरच तिला काही दिसतं, तेही छतच. छत फार कंटाळवाणं आहे, रंगव की आजी, म्हणाली. आणि पुस्तक — खिडकीतलं पाखरू बघतंय, पडद्याची झालर बघतंय, हावरटासारखं. तिच्या वाटचं.

समोर बसून राहिले. ते बघतं, मी बघते. मग ध्यानात आलं. ते मिटत नाही.

मिटणार कसं? पापण्या दिल्याच नाहीत कुणी. डोळा मिटला की नजर घरी जाते. ही चोरलेली नजर मिटल्यावर कुठे जाईल? जिची तिच्याकडे.

१६ फेब्रुवारी, रविवार

पुठ्ठ्याच्या पापण्या कापल्या. खालची पट्टी ओढली की दोन्ही एकदम मिटतील. बसवायला झाकणं काढावी लागणार, आणि कुणीतरी उघड्या वाट्यांत बघावं लागणार. फडक्याखाली पापणी तिरकी बसेल, फट राहील. लेक म्हणाली, मी बघते. मी म्हटलं, तुला तुझी पोर बघायचीय. आत जा, कडी लाव.

दुपारी

काढली झाकणं. बघत होतं. मीही बघितलं, नजर हटवली नाही — खुशाल बघ म्हटलं, तुझ्यासारखे वर्गात पुष्कळ बघितलेत —

पापण्या बसल्या. पट्टी अडली. आतून कुणी वर ढकलत होतं. ओढली. पापण्या मिटल्या.

आतून चिमटा धावत आली. सरळ माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, आजी, तुझ्या नाकाला गोंद लागलाय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

तिची नजर आली. माझी आत राहिली. वाकलं की फक्त मांडी दिसते — वही भिंतीला टेकवून, डोकं मागे टाकून लिहितेय.

पापण्या उघडल्या तर माझी मिळेलही. पण वर झाकणं नाहीत आता, ते पुन्हा बघेल. समोर असेल त्याला. नाही.

पट्टी टाचणीनं ठोकलीय. लेकीला सांगितलं, पोरीला घेऊन आजच निघ, मी हाक मारली तरी मागे बघू नका. गेल्या. जाताना पोरगी रडली — बघून रडली.

संध्याकाळ

टाचणी वाकतेय —

निघाली. पट्टी दातांत धरलीय. ओढतंय. ओढ म्हणावं किती ओढायचं ते. काय बघायचंय तुला इथे, एक म्हातारी आणि चार भिंती — तेही मिळणार नाही —

जोर वाढलाय. दात हलतोय. हलू दे, दुसरे आहेत. मी काही तोंड उघडणार ना