वर पाहुणे आहेत

प्रिय बहिणी सानिये,

हे पत्र गावाकडे सामान नेणाऱ्या बेसनिकच्या व्हॅनमधून येईल, कुणाच्या तरी शिलाई मशीनच्या आणि तेलाच्या रिकाम्या डब्यांच्या शेजारून. फोन करता आला असता. पण फोनवर तू मला मध्येच तोडतेस, आणि मग आपण चादरींवर बोलायला लागतो. कागदाला तोडता येत नाही. शिवाय फोनवर मी बाबांना द्यायला सांगितलं की तू म्हणतेस, ते झोपलेत. सकाळी झोपलेले, दुपारी झोपलेले. बाबांचा आवाज ऐकून किती दिवस झाले ते मी मोजत नाही, मोजायची भीती वाटते.

आधी मनातली किळस ओकून टाकतो, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. आपला वरचा मजला भाड्याने घेणाऱ्या या पाहुण्यांची मला शिसारी आली आहे. इथे इटलीत, मोदेनाजवळच्या गोदामात फरश्यांच्या पेट्या रचत असतो आणि खिशातला फोन थरथरतो. कुणाला न्हाणीघरात केस सापडलेला असतो, कुणाला समुद्र फोटोतल्यापेक्षा लांब वाटतो. मी हातमोजे काढून उत्तर देतो, "क्षमा करा, लगेच बघतो," आणि बघायचं तुला असतं. तू काय काय बघितलंस ते तुझ्या फोटोंत मी पाहिलं आहे. पलंगाखाली कलिंगडाची सालं, त्यांवर मुंग्यांची रांग. हात धुवायच्या भांड्यात मासे साफ केलेले, खवले नळाला चिकटून वाळलेले. आईच्या तुळशीच्या कुंडीत बाळाचा घाणेरडा लंगोट. उशाच्या टेबलावर कापलेली नखं, व्यवस्थित ढीग करून, जणू आम्हाला भेट. आणि आईच्या लग्नातला भरतकामाचा टॉवेल, जो मीच सांगितलं म्हणून पलंगावर घडी करून ठेवला होता, त्याने कुणीतरी बूट पुसले. तेव्हा तू म्हणालीस, "अस्त्रित, आईला सांगितलंय की तो उंदरांनी खाल्ला. तूही तेच म्हण. उंदरांचा तिला राग येत नाही."

मग मी जास्तच काटेकोर झालो. तू हसायचीस, "तुला चादरींचा मंत्री केलाय का रे कुणी? आठवी नापास मंत्री!" खोलीच्या चारही कोपऱ्यांचे, नळाचे, उशीच्या खालच्या बाजूचे फोटो मागायचो. जाहिरातीत मी लिहिलं होतं, 'घरच्या आईकडून स्वागत', आणि ते खरं व्हावं म्हणून मी आईला फोनवर शिकवलं की दार उघडताना हसायचं, तबकात संत्र्याच्या सालीचा मुरंबा, गार पाणी, कॉफी, आणि पाहुणे खोलीत गेले की दार ओढून घ्यायचं. जिने आयुष्यभर आपल्या बोर्श गावातल्या प्रत्येक वाटसरूला न विचारता खाऊ घातलं, तिला मी हसायला शिकवत होतो. आणि त्या मुरंब्यालाही लोक तारे देतात. 'फार गोड.' 'चिकट.' एकाने लिहिलं, 'वृद्ध स्त्री प्रेमळ, पण तिच्या अंगाला धुराचा वास.' मी त्यालाही लिहिलं, अभिप्रायाबद्दल आभार.

कोंबड्याचं तुला आठवतं ना. पहाटे ओरडतो म्हणून दोन कुटुंबांनी तक्रार केली आणि मी म्हटलं, काहीतरी करा. बाबा तेव्हा खालच्या खोलीत, तेलाच्या रांजणांजवळच्या खाटेवर होते. वसंतात झटका येऊन उजवी बाजू गेली होती, पण तोंड शाबूत. फोन डाव्या कानाला लावून म्हणाले, "इटलीवाल्या, कोंबड्याला तुझ्याकडे पाठवतो. त्याचेही कागद करून घे. तिथे तो दुपारी ओरडेल, साहेबांच्या वेळेला." मी हसलो नाही. मी म्हटलं, बाबा, हंगाम थोडाच असतो. ते म्हणाले, "बरं, बरं. वर पाहुणे आहेत, कळलं." दुसऱ्या दिवशी कोंबडा भातात शिजला.

ते वाक्य मीच घरात आणलं. वर पाहुणे आहेत. आईने कपबशी आपटली तर वर पाहुणे आहेत, तुझी पोरं अंगणात धावली तर वर पाहुणे आहेत, बाबा खोकले तरी. आपल्याकडे पाहुणा आला की घर जागं व्हायचं, शेजारचे लोक यायचे, कुणीतरी गायचं. या पाहुण्यांसाठी आपल्याच घराला आपण चवड्यांवर चालायला लावलं.

आता उत्तरेकडून आलेल्या त्या शेवटच्या पाहुण्या कुटुंबाबद्दल. ते आले त्या दिवशी संध्याकाळी बाईचा संदेश आला: मुरंबा नव्हता, कॉफीत साखर अजिबात नव्हती, यजमानीण हसली नाही. मी भर कामात तुला फोन लावला. काय बोललो ते तुला पाठ असेल. "दोन चमचे साखर परवडत नाही का तुम्हाला? मी इथे मरमर मरतो आणि तुम्हाला एक तबक नीट मांडता येत नाही?" तू एवढंच म्हणालीस, "विसरलो रे. पुन्हा नाही होणार." आणि फोन ठेवलास. तू कधी इतक्या लवकर हार मानत नाहीस. मला ते चमत्कारिक वाटलं, पण राग जास्त होता.

मग गच्ची धुतल्याचा तुझा फोटो आला. गच्ची स्वच्छ होती. कठड्यापलीकडे, खाली मागच्या अंगणात, बकऱ्यांच्या गोठ्याजवळ खुर्च्यांची रांग दिसत होती, सगळ्या वेगवेगळ्या, नेइमकाकांच्या, शाळेच्या, कॅफेच्या. तुझा नवरा भिंतीला टेकून उभा, दाढी वाढलेली. मी विचारलं, खुर्च्या कसल्या? तू म्हणालीस, नेइमकाकांच्या नातीचा साखरपुडा. मी म्हटलं, मग तो दाढी का करत नाही, नवरीला घाबरवायचंय का? तू हसण्याचं चिन्ह पाठवलंस.

परवा त्या कुटुंबाचा शेरा छापून आला. पाच तारे, सानिये. पहिल्यांदाच पूर्ण पाच. मी जेवणाच्या सुटीत भिंतीला टेकून वाचला. पहिल्या ओळीत कॉफीबद्दल तक्रार होती. पुढे लिहिलं होतं: 'घर अतिशय शांत. आमच्या मुक्कामात खालच्या अंगणात दिवसभर माणसं येत-जात होती, बरेचजण काळ्या कपड्यांत, पण कुणीही आवाज केला नाही. आमचं बाळ दुपारी निवांत झोपलं. असे समंजस लोक कुठेच पाहिले नाहीत.'

तो मजकूर मी तीनदा वाचला आणि गोदामामागच्या नालीवर जाऊन ओकलो. शिफ्टचा मुकादम म्हणाला, "काय खाल्लंस, अल्बानियन?" मी म्हटलं, कॉफी.

मुरंबा नाही आणि बिनसाखरेची कॉफी, हे आपल्या घरांत फक्त मयताच्या दिवसांत असतं, दाढीही पुरुष तेव्हाच वाढवतात, हे त्या बाईला कसं कळणार? पण मी तर बोर्शचा आहे. बाबा आणि नेइमकाका फाशांच्या डावावर भांडायचे तेव्हा बाबाच ओरडायचे, "तुझी कडू कॉफी मीच पिणार नेइम, आणि साखर मागणार नाही!" आणि काका म्हणायचे, "आधी तुझी पितो, मग बघू." काकांनी प्यायली, हो ना? आईने त्या दिवशी अंगणातल्या लोकांसाठी मोठं भांडं चढवलं असेल, तेवढ्यात वरची माणसं सामान घेऊन दारात आली असतील, आणि तिने त्याच भांड्यातलं त्यांना दिलं असेल. दारातल्या पाहुण्याला दुःख सांगायचं नाही, हे तिला तिच्या आईने शिकवलेलं. माझ्यापासून लपवायचं हे तुम्ही सगळ्यांनी ठरवलं, इथे राहायचे कागद हातात येईपर्यंत देशाची हद्द ओलांडायची नाही असं माझ्या वकिलाने बजावलंय म्हणून. बाबांनीच सांगून ठेवलं असेल, "पोराला कळवू नका, तो धावत येईल." मला राग नाही त्याचा. पण माझ्या बापासाठी कुणी मोठ्याने रडलं नाही! आईने त्यांचं नाव घेऊन हाका मारल्या नाहीत, आत्यांनी गुणगान गायलं नाही, सगळ्या बायका डोक्यावरच्या रुमालाचा बोळा तोंडात धरून बसल्या, कारण वर एक बाळ झोपलं होतं. आणि त्याबद्दल आपल्याला पाच तारे मिळाले. हे तारे मी नखाने खरवडून काढू शकलो असतो तर काढले असते.

म्हणून हे लिहितोय. बाबा गेले हे मला ठाऊक आहे. आता माझ्याशी खोटं बोलायचे कष्ट घेऊ नकोस. काल मी पुढची सगळी आरक्षणं रद्द केली आणि घराची जाहिरात काढून टाकली. वकिलाला सांगितलं, मी जातोय. तो म्हणाला, "मग परत यायचं विसर." मी म्हटलं, विसरलो. पत्र पोचल्यावर तीन-चार दिवसांत मी ब्रिंडिझीहून बोटीने व्लोराला उतरेन, तुझ्या नवऱ्याला गाडी घेऊन पाठव. आईला आधी सांग, म्हणजे मला बघून तिचा थरकाप होणार नाही. आत्यांना निरोप दे, नेइमकाकांना दे, खुर्च्या या वेळी पुढच्या अंगणात, रस्त्याकडे तोंड करून मांडा. वरच्या मजल्याच्या सगळ्या खिडक्या उघड. वर कोणी नाही. मी दारात पाऊल टाकलं की आईला म्हणावं, आता रड, खालच्या समुद्रापर्यंत ऐकू जाईल असं.

तुझाच, येतोय,
अस्त्रित