डीटरचं लाओस

झिंडेलफिंगेन (जर्मनी), शनिवार, १८ ऑक्टोबर २०१४

वरच्या मजल्यावरचा डीटर आज जेवायला आला होता. बायको गेल्यापासून एकटाच असतो. आता लाओसला कायमचं राहायला जायचं म्हणतो. नदीकाठचं लहानसं गाव, दिवेलागणीनंतर सगळं शांत. तिथे जमिनीवर बसून जेवतात, म्हणून सरावासाठी त्यानं आज खुर्ची नाकारली. गुडघे कुरकुरले, तरी मांडी घातली आणि वरणभात हातानं कालवला.

आणि मी? मंडळाच्या गणपतीत बोलतो तसा सुटलो. पळून जाणं म्हणजे पराभव. श्रीमंतांनी गरीब देशाची आरामखुर्ची करू नये. माणसानं आपल्याच मातीत उभं राहून भांडावं. (हे मी बोलावं? पुणे सोडून आलेल्यानं?)

मेधा म्हणाली, "अहो, त्याला भात तरी खाऊ द्या!"

शेवटी डीटर म्हणाला, "गेनाऊ. तुझंच बरोबर आहे. नाही जात मी." हळूच मांडी सोडली, खुर्चीवर बसला. उरलेला भात चमच्यानं खाल्ला.

टाळ्या पडल्यावर होतो तसा आनंद मला झाला, हे खरं. आता ती सोडलेली मांडी डोळ्यांपुढून हलत नाही. तो गेला तर इथे माझ्याशी वाद घालायला कुणी उरणार नाही, हे कारण मी सांगितलंच नाही. बाकीची तत्त्वं मात्र धडाधड सांगितली.

उद्या वर जाऊन त्याला म्हणायचं, "जा." पुढे एक अक्षर नाही. इतकं छोटं भाषण मी आजवर केलेलं नाही.