गाडीतल्या आजीचा नैवेद्य

प्रिय दुआन,

पाकिटात या कागदांशिवाय आणखी एक वस्तू आहे. ती अजून बाहेर काढू नकोस. आधी हे वाच. फोनवर तू मला बंद करून टाकलं आहेस, ते बरोबरच केलंस. माझे मेसेज मला आले असते तर मीही मला बंद केलं असतं. पत्ता तू पाठवलेल्या खोक्यावरून घेतला. कोरियन अक्षरं मला येत नाहीत, चित्रं काढावी तशी एकेक काढली आहेत. पोचलं तर समज की कॉलेजात नुसती मारामारीच केली नाही, रेखाकलेच्या तासालाही बसलो होतो.

इकडे भात कापून झाला. सकाळी धुकं असतं, म्हशींच्या नाकातून वाफ निघते. तुझी माए बरी आहे. गुडघे कुरकुरतात, तोंड तेवढंच चालतं. एका बाजाराच्या दिवशी मी तुमच्या घरावरून चाललो होतो, तर वरून ओरडली, "ए बेडका! मशिनीचं शिकून आलास ना?" मी म्हटलं, "अर्धं शिकलोय, माए." "मग अर्धी तरी चालू करून दे. थोंगची गाडी." मी खांबांवर उभ्या घराखाली पाहिलं. खांबाला टेकून, भाताच्या पोत्यांनी झाकलेली, तुझा भाऊ जाताना ठेवून गेला तिथंच ती होती. हँडलवर वाळलेले हार, एकावर एक, आणि तळाशी थोंगनं बांधलेली लाल-पिवळी फडकी, पार विटलेली. मी विचारलं, "आत्ता कशाला, माए?" ती म्हणाली, "पौर्णिमेला जीव बोलावायचाय. कोरियाहून राख आली, जीव आला नाही. भिक्खूंचं मंत्र म्हणणं पोराला जिवंतपणी कधी कळलं नाही, मेल्यावर काय कळणार? गाडीचा आवाज तेवढा कळेल."

तुझा लुंग खाम शेजारी जाळं विणत बसला होता. तो मध्येच म्हणाला, "भंगारवाल्याला दे. या पोराचं कॉलेज अर्धवट, गाडी अर्धवट राहील, आणि प्रेम तर अर्ध्यालाही पोचलं नाही." माझ्या हातात पाना होता, दुआन. तुझा मामा आहे म्हणून वाचला. पाना मी कोंबड्यांकडे भिरकावला, त्याही वाचल्या.

गाडीत वास करणाऱ्या राखणदारीण आजीला आधी फुलं वाहिली, माफी मागितली, मग टाकी उतरवली. मला वाटलं होतं टाकी कोरडीठाक असणार. इतकी वर्षं कुणी किक मारलेली नाही. पण टाकीत पेट्रोल होतं, निम्म्याला. वर ताजं, तळाशी गंजाचं पाणी. नळी काढली, कार्बोरेटर सोडवला, आणि खालच्या वाटीचे स्क्रू फिरेनात. एकाचं डोकं मी रागानं उडवलंच, ते नंतर करवतीनं खाच पाडून काढलं. वाटी निघाली तेव्हा जो वास आला त्याच्यापुढे माएचा मुरवलेल्या माशांचा रांजण म्हणजे मोगरा. आत पेट्रोल नव्हतंच. फणसाच्या चिकासारखा तपकिरी थर होता, त्याखाली हिरवट, त्याखाली पांढरी भुकटी, पुन्हा तपकिरी. झाडाच्या बुंध्यात वर्तुळं असतात तसं. तरंगणारा फ्लोट त्यात रुतून बसलेला. पेट्रोल सोडणाऱ्या जेटची भोकं कुठं आहेत तेसुद्धा दिसेना.

मी चक्रावलो. उभ्या गाडीत एकदा पेट्रोल वाळलं तर एक थर बसतो. इतके कुठून आले? तेवढ्यात माए जिन्यावरून उतरली. त्या दिवशी आठवड्याचा धर्मदिवस होता, विहारात जेवण देऊन ती आली होती. एका हातात फुलं, दुसऱ्या हातात व्हिस्कीची बाटली, आत कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेलं लाल पेट्रोल. उघडी टाकी बघून तिचा चेहरा पडला. "अरे, आता कुठं ओतू?" म्हणाली.

दुआन, ती दर धर्मदिवसाला ओतत होती. घोटभर. थोंगनं जाताना सांगितलं होतं, "माए, गाडीकडे बघ." किक मारायला तिच्या गुडघ्यात जोर नाही. मग तिनं तिला येतं ते केलं. देव्हाऱ्यात जसं भात-पाणी ठेवते तसं गाडीतल्या आजीला पेट्रोल पाजलं. आजी उपाशी राहिली तर गाडी सोडून जाईल, आणि गाडीत आजी नसली तर थोंग परत आल्यावर त्याला सांभाळणार कोण? तो गेल्याचं कळल्यावरही तिनं ते थांबवलं नाही. आणि ते पेट्रोल आजकालचं, आपल्याच शेतातल्या साबुदाण्याच्या कंदाची दारू मिसळलेलं. नळीची कळ उघडी होती. आधीचा प्रत्येक घोट थेट खाली वाटीत उतरला, वाळला, त्यावर पुढचा; वाट तुंबल्यावर बाकीचं टाकीत साचलं. निव्वळ पडून राहिली असती तर गाडी तासाभरात साफ झाली असती.

मी तिला हे सांगितलं नाही. तिनं विचारलं, "काय झालंय रे?" मी म्हटलं, "कुंभारमाशीनं घर केलंय आत, माए." तिनं साऱ्या माश्यांच्या कुळाचा उद्धार केला आणि बाटलीतलं पेट्रोल माझ्या डब्यात ओतलं, धुवायला घे म्हणून. तूही तिला कधी सांगू नकोस.

मग धुणं सुरू झालं. सुटे भाग चिंचेच्या पाण्यात उकळले. माएनं जुनं पातेलं दिलं आणि वर, "मीठ लागतं का बघ," म्हणाली. पितळेचे जेट सोन्यासारखे निघाले, पण भोकं बंदच. तार घालायचा मोह होत होता, पण तार घातली की भोक मोठं होतं आणि गाडी कायमची बिघडते. कॉलेजातलं एवढं एकच वाक्य माझ्या डोक्यात राहिलं आहे. म्हणून केरसुणीची काडी. गवताची मऊ काडी, पेट्रोलात भिजवायची, फिरवायची, फुंकायची, उजेडाकडे धरून बघायचं. मला तू ओळखतेस. मी कधी कुठल्या गोष्टीत काडीनं काम केलं नाही, मी नेहमी हातोड्याचा माणूस. पण तिथं तुमच्या घराखाली बसून मी दिवसच्या दिवस ते केलं, कारण वर माए चालली की फळ्या वाजायच्या आणि मला वाटायचं तू चालते आहेस.

आठवतं का, आपण तिघं एका गाडीवर? पुढे थोंग, मध्ये तू, मागे मी. तो कालव्याच्या उतारावर मुद्दाम ब्रेक मारायचा, आणि मग आरशात बघून ओरडायचा, "बेडका, हात कुठायत तुझे?" मी दोन्ही हात वर करायचो, चोरासारखे. तू हसायचीस ते मला पाठीवरून कळायचं. त्याला सगळं माहीत होतं, गं. मला एकदा म्हणाला होता, "पी थोंग, दादा म्हणतोस मला, तर नीट शीक. माझी बहीण अर्धवट माणसाला देणार नाही." आणि बघ, मी नेमकं काय केलं.

पहिल्यांदा किक मारली तेव्हा गाडी चालू झाली. निळा धूर, कोंबड्या पांगल्या, माए जिन्यात हात जोडून उभी. मी वेगाची मूठ सोडली आणि गाडी विझली. पुन्हा मारली, पुन्हा तसंच. मूठ पिळून धरली तर किंचाळते, सोडली की मरते. लुंग खाम म्हणाला, "तुझ्यासारखीच आहे. ओरडेल तेवढाच वेळ जिवंत." मी चिडलो नाही, कारण त्याचं म्हणणं खरं होतं. दोन जेट असतात, दुआन. मोठा जेट पळायला लागतो. पण गाडी उभी असताना, कुणी काही करत नसताना तिला जिवंत ठेवणारा दुसराच, स्लो जेट, केसाएवढ्या भोकाचा. मी मोठा साफ करून मोकळा झालो होतो. तो छोटा पुन्हा काढला, आणि पौर्णिमेच्या आदल्या दुपारी त्यातून एकदाचा आभाळाचा ठिपका दिसला.

मग ती थांबून चालायला लागली. एका लयीत, टप-टप-टप, मी हात काढून घेतला तरी. माए खाली आली, सीटवर तळवा ठेवून उभी राहिली. रडेल असं वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "बसथांब्यापर्यंत जाईल ना?" मला कळलं नाही तिला काय म्हणायचं होतं.

पौर्णिमेला केळीच्या पानांचा मोठा कळस केला, अंडी, चिकट भात, झेंडू, पांढरे दोरे. गाडी अंगणात चालू ठेवली. जीव बोलवायला लुंग खामच बसला. टोमणे मारणारं तोंड हेच आणि जीव बोलवणारंही हेच. सगळ्यांनी दोऱ्याला हात लावला. त्यानं विचारलं, "नाव?" आम्ही सगळे थोंगचं नाव ऐकायला मान खाली घालून बसलेलो. माए म्हणाली, "लामदुआन."

लुंग खामनं वर बघितलं. "अगं, ती जिवंत आहे."

"म्हणून तर. मेलेला त्याच्या वाटेनं येईल, त्याला भिक्खू आहेत. जिवंत आहे तिला मीच हाकललंय. तिला मी नाही बोलावलं तर कोण बोलावणार? थांब्यावर तिला आणायला नेहमी थोंगची गाडी जायची. गाडी नसेल तर ती उतरेल आणि परत जाईल. म्हण तू, म्हण."

त्यानं म्हटलं. ये गं जिवा, धुक्यात असशील तर ये, बर्फात असशील तर ये, परक्या कारखान्यात असशील तर ये. मागे थोंगची गाडी टप-टप करत होती. दुआन, थोंग गेल्याचं कळलं त्या दिवशी फोन मीच धरला होता ना माएपुढे, स्पीकरवर. "तूच बोलावलंस त्याला तिकडे, माझा मुलगा मला परत दे," हे मी ऐकलं, आणि त्यानंतरची तुझी शांतताही ऐकली. तेव्हापासून दर महिन्याला तुझं खोकं येतं आणि माए ते उघडून पुन्हा बांधून ठेवते. तिला 'चुकले' म्हणता येत नाही. तिला ओतता येतं फक्त.

आता पाकिटातली वस्तू काढ. पांढरा सुती दोरा आहे, त्या दिवशीचा. मधली गाठ माएनं मारली आहे, तुझं नाव घेत. फोनवरून आवाज जातो, दोरा जात नाही, म्हणून हे पत्र. हा आपला आपण बांधायचा नसतो, दुसऱ्यानं मनगटावर बांधायला लागतो. खोक्यातून आलेल्या तुझ्या फोटोत तो निळ्या जॅकेटचा माणूस आहे ना, तुझ्या खांद्यावर हात ठेवून उभा, त्याला सांग बांधायला. त्याचा हात मी फोटोत खूप वेळ पाहिला आहे. चांगला वाटतो, घाई करणारा नाही. दोघं या. गाडी थांब्यावर असेल. चालवायला मी नसलो तर लुंग खाम येईल, त्याला किक मारायला शिकवून ठेवतो. आणि दोऱ्याच्या टोकाशी आणखी एक बारीक गाठ दिसेल. ती माझी आहे. ती सोडलीस तरी चालेल, माएची तेवढी राहू दे.

तुझाच,
अजून अर्धाच,
बेडूक