कानातला करंट

बाबा, तुमची किडनी सुजली आहे. हे सांगायला मला तुमच्याशिवाय कुणी सुचत नाही. बायोप्सी झाली, स्टेरॉइडचे मोठे डोस देऊन झाले, तरी रक्तातलं क्रिएटिनिन दर तपासणीत चढतंच आहे. दुखत मात्र काहीच नाही. अमरावतीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या अंगातून किडनी काढताना तिच्या नसा तोडाव्याच लागल्या होत्या, त्यामुळे ती कितीही सुजली तरी मला कळायचं नाही. ते ऐकून मी दवाखान्याच्या जिन्यावर बसून रडले. इतकी वर्षं तुम्ही माझ्या पोटात आहात आणि तुम्हाला काय होतंय ते मलाच कळत नाही.

तुम्ही तिवस्याला लाइनमन होतात ते दिवस हल्ली फार आठवतात. विहिरीत पाणी असून लोडशेडिंगपायी कपाशी वाळायची आणि चिडलेली माणसं तुमच्या ऑफिसात यायची. वीज बंद करणारे कुठेतरी लांब, शिव्या खायला तुम्ही. एकदा सायकलवर मला बरोबर नेलंत. एका शेतातल्या मोटरीच्या लोखंडी पेटीला मी हात लावायला जाते आणि तुम्ही खाडकन मुस्काटात मारता. मग माझा हात उलटा करून दाखवता. "खात्री नसन तं हात उलटा लाव, बाई. तळहातानं धरलं का करंट सोडत नाही." मला राग आला होता.

बाविसाव्या वर्षी माझ्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हा तुमची घ्यायला मी तयार नव्हते. तुम्ही डबा खाता खाता म्हणालात, "एकीवर माणसाचं चालते. दुसरी स्पेअर हाय. कायले ठेवू?" ऑपरेशननंतर तुम्हाला खांबावर चढू दिलं नाही, अमरावतीच्या ऑफिसात तक्रारीच्या फोनवर बसवलं. दिवसभर लोकांना "येते लाइन, येते" सांगता सांगता तुम्ही वाळत गेलात. सहा वर्षांनी हार्ट अटॅकनं गेलात. त्याचा किडनीशी काही संबंध नाही असं सगळे सांगतात. मी मान डोलावते, पण मला ते अजून पटलेलं नाही.

औषधांचा उपयोग होईना तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एका प्रयोगाबद्दल सांगितलं. मेंदूपासून पोटापर्यंत एक मोठी नस उतरते, तिची एक फांदी कानात येते. तिथं हलका करंट दिला तर किडनीला परकी समजून शरीर धरतं तो राग निवतो का, सूज उतरते का, हे ते तपासून पाहताहेत. निम्म्या लोकांच्या यंत्रात करंट असतो, निम्म्यांच्या नाही, आणि कुणाच्या आहे हे पेशंटलाही माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. संमतीच्या कागदावर मी न वाचताच सही केली. आता इथं अकोल्याच्या घरी रोज सकाळी डाव्या कानात क्लिप लावून अर्धा तास बसते. ह्यांना वाटतं, मी ध्यान करते.

पंधरा दिवस कानाला काहीच जाणवलं नाही. वायरमध्ये जीव आहे की नाही हे ओळखता येत नसेल तर मी तुमची मुलगी कसली? रेडिओचा सेल तुम्ही जिभेला लावून बघायचात. तशी मी क्लिप जिभेला लावली. मग बटण अगदी शेवटपर्यंत फिरवून पुन्हा लावली. काही नाही, बाबा. चुणचुणसुद्धा नाही. मी स्वयंपाकघरात उभी होते, कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या आणि मला गॅस बंद करायचं सुचेना. पुढचा उपाय डायलिसिस, म्हणजे तुमची किडनी गेली. मग तुमचं जिवंत असं काहीच उरणार नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून लिहिते. दर मंगळवारी मी तपासणीला अमरावतीला जाते. तिथली प्रयोगाच्या नोंदी ठेवणारी मुलगी पेन उचलून विचारते, "कानात मुंग्या येतात ना, ताई?" मी हो म्हणते. खरं बोलले तर यंत्र काढून घेतील, आणि मग सकाळी उठून तुमच्यासाठी करण्यासारखं माझ्याकडे काहीच राहणार नाही. काल तर मी तिला सांगून आले की मुंग्या वाढल्यात.