पडद्याकडे पाठ

प्रिय मावशी,

काल तुझ्यासारखी बसले. पाठ पडद्याकडे, तोंड प्रेक्षकांकडे. माझ्या पहिल्या भयपटाचा चाचणी खेळ होता आणि शेजारी निर्माता घाम पुसत होता.

चाचणी खेळाला तू अशीच बसायचीस. पडद्यावरच्या जखमा तू रंगवलेल्या, पण त्या दिसू लागल्या की तू बघायचीस लोकांचे हात. "चेहरे खोटं बोलतात गं, हातांना ते जमत नाही," म्हणायचीस. सुरुवातीला साखरेच्या पाकात लाल रंग घालून केलेलं चमचाभर रक्त पुरायचं. बाहीवर एक डाग दिसला, की अख्ख्या रांगेचे हात डोळ्यांवर! मग वाटी लागली, मग बादली. त्या पाकाला मुंग्या लागायच्या आणि मेलेले नट खाजवत उठायचे, ते आठवून अजून हसू येतं. तुझं हसू कुठे संपलं, तेही आठवतं. महिनाभर खपून तू एका मुलीचं मरण उभं केलंस आणि लोकांचे हात पॉपकॉर्नमधून बाहेरच आले नाहीत. मागून कुणीतरी ओरडलं, "अजून येऊ दे!" तू ब्रशांची पेटी मिटलीस आणि पुन्हा थिएटरची पायरी चढली नाहीस.

माझा निर्माताही तेच सांगत होता. लोक निर्ढावलेत, सिनेमातला म्हातारा मरतो तिथे बादलीभर रक्त हवं, नाहीतर दुसरा दिग्दर्शक बघतो. मी कसली गप्प बसते! म्हटलं, लोक काही आईच्या पोटातून निर्ढावून येत नाहीत. आपण दर सिनेमाला त्यांना थोडं जास्त पाजलं, आणि आता त्यांनाच बेवडे म्हणतोय! शेवटी ठरलं, माझा प्रसंग लोकांना दाखवायचा आणि निकाल त्यांच्यावर सोडायचा.

तू एका दिग्दर्शकाला म्हणाली होतीस, "आधी तो माणूस मला जेवताना दाखव, मग खुशाल मार." तो हसला होता. मी मात्र ते गाठीशी बांधलं. माझा म्हातारा जेवतो, नातीला चिडवतो, चष्मा बेसिनवर ठेवून अंघोळीला जातो. मग फक्त बंद दार, आतला वाहता नळ आणि तो चष्मा. रक्ताचा थेंब नाही.

मावशी, पॉपकॉर्नकडे निघालेले हात वाटेतच थांबले. एक दांडगा गडी शेजारच्या अनोळखी आजींचा हात धरून बसला, आणि आजींनीही तो सोडवून घेतला नाही. निर्माता पुटपुटला, "अरे, कुणीतरी नळ बंद करा रे." प्रसंग राहिला. सिनेमाही माझाच राहिला.

हे सगळं तू दिलंस. म्हणून सिनेमाच्या सुरुवातीला पडद्यावर माझ्या नावाआधी तुझं नाव येतं. शुक्रवारी पहिला खेळ आहे, तुला न्यायला मी स्वतः येणार आहे. नाही म्हणालीस तर दारातच भाषण ठोकेन, शेजारीपाजारी जमा होतील. ब्रशांची पेटी घरी राहू दे. आणि या खेपेला तोंड पडद्याकडे करून बस. हातांकडे बघायला मी आहे. तुझ्याच हातांकडे बघणार आहे.

तुझीच,
भाषणबाई